अळ्यांना शनिवार कळतो का?

"काय चाललंय?" मालननं मागून विचारलं तेव्हा मी रुईच्या चौथ्या पानाला भोक पाडत होतो.

हातात माझा जुना चिमटा होता. कंडक्टर असताना ज्यानं तिकिटं पंच करायचो, तोच. पुढं मी एसटीत तिकीट तपासनीस झालो, नंतर यंत्रं आली, पण चिमटा मी जपून ठेवला होता.

"खूण करतोय," मी म्हणालो.

"कशाला?"

"शनिवारी देवळात जाऊन माळा बघणार आहे. भोक पाडलेलं एक जरी पान सापडलं, की चोर सापडला."

मालननं कमरेवर हात ठेवले. माझी बायको. कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं सहायक होती, त्यामुळे तिच्यासमोर पानाला हात लावायचा म्हणजे जबाबदारीचं काम. "पानं वाचवायची म्हणून पानांना भोकं पाडायची," ती म्हणाली. "धन्य आहे तुमची."

मी ऐकून घेतलं आणि नऊ पानं पुरी केली. खालची, मोठी, गुळगुळीत निवडून घेतली, कारण माळेला तशीच लागतात.

माझं नाव विश्वास काटकर. डेपोत मला पाठीमागं संशयराव म्हणायचे, हे मला निरोपसमारंभात कळलं, तेही भाषणातून. मला त्याचं काही वाटलं नाही. बत्तीस वर्षं लोकांच्या हातातली तिकिटं बघितली की माणूस दुसरं काय होणार? आणि माझी एक पद्धत होती. प्रवाशाला कधी अरे-तुरे करायचं नाही, आवाज चढवायचा नाही, आणि मुख्य म्हणजे गुन्हा काय ते आपण सांगायचं नाही. शेजारी उभं राहून हळू म्हणायचं, "मला सगळं ठाऊक आहे. तुम्हीच सांगा." बाकीचं तो सांगतो. साताऱ्यापासून महाबळेश्वरपर्यंत ही पद्धत एकदाही वाया गेली नव्हती.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. आमची कॉलनी साताऱ्यात, डोंगराच्या पायथ्याला. निवृत्त झाल्यावर मालननं पहिलं काम काय केलं असेल, तर पुढच्या बागेतले क्रोटन आणि विकतची हिरवळ उपटून टाकली आणि तिथं डोंगरातली झाडं लावली. रुई, निर्गुडी, करवंद, कुडा, पानफुटी, खुळखुळा. कॉलनीतल्या बायका संध्याकाळी फिरायला निघाल्या की आमच्या फाटकापाशी पावलं हळू पडायची. एकदा एकीनं विचारलंच, "काकू, रुई ओसाड जागेत उगवते ना? मुद्दाम कशाला लावलीत?"

"खायला," मालन म्हणाली.

"कुणाला?"

"अळ्यांना. इथल्या फुलपाखराची अळी इथल्याच पानावर वाढते. विलायती झाडाला ती तोंड लावत नाही. जिचं पान कुणी खात नाही ती बाग कसली?"

ती बाई पुन्हा काही विचारायला आली नाही.

पहिली दोन वर्षं रुईवर अळ्या म्हणाव्यात तर चार-दोन. तिसऱ्या वर्षी आषाढ सरला आणि काय झालं कोण जाणे, बागेत फुलपाखरंच फुलपाखरं. नारिंगी पंखांची, काळ्या कडांची. एकाचा कोष तर माझ्या लूनाच्या आरशाखाली लटकला, आणि मालननं मला आठवडाभर लूना काढू दिली नाही. भाजी आणायला पायी गेलो. ती मात्र हरखून गेली होती. मलाही बरं वाटलं. फुकट आलेल्या त्या फुलपाखरांची तिकिटं काही मी तपासली नाहीत.

मी तपासली पानं. कारण रुई दर आठवड्याला उघडी पडत होती. शुक्रवारी भरलेलं झुडूप रविवार-सोमवारपर्यंत शेंड्याकडून बोडकं. दोन आठवडे मी गप्प राहिलो, तिसऱ्या आठवड्यात कॅलेंडरवर खुणा केल्या.

"अळ्याच खात असतील," मालन म्हणाली.

"अळ्यांना शनिवार कळतो का?"

"म्हणजे?"

"म्हणजे श्रावण चालू आहे. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ. टेकडीच्या मारुतीला दर शनिवारी शंभर माळा तरी जातात. पानं कुठून येतात?"

ती झुडपापाशी वाकली. "पण हे बघा, पानाची मधली शीर शिल्लक आहे. माणूस पान तोडताना शीर झाडावर ठेवतो का?"

"घाईत ओरबाडलं असेल."

ती पदराला हात पुसत उठली. तिनं पुरावा दाखवला होता आणि मी तो बाजूला सारला, हे मला तेव्हा कळलंही नाही. माझ्या डोक्यात एक नाव आधीच बसलं होतं.

टेकडीच्या मारुतीच्या तिसऱ्या पायरीवर हौसाबाई माळा विकायला बसायची. साठीची, किडकिडीत, बोटं रुईच्या चिकानं काळी पडलेली. तिच्याआधी तिची सासू त्याच पायरीवर बसायची. त्या जागेवर तिचं घर चालत होतं, हे अख्ख्या पेठेला माहीत होतं. आषाढात एकदा ती आमच्या फाटकाशी थांबली होती. "बाई, ह्या रुईची चार पानं मिळतील का? वड्याकाठची समदी तोडून झाली." मालननं तिला नीट समजावून सांगितलं होतं, "ही पानं अळ्यांसाठी ठेवलीत हो. इथलं पान कुणी तोडत नाही." हौसाबाईनं मान हलवली होती आणि बराच वेळ झाडाकडं बघत उभी राहिली होती.

मागितलं, मिळालं नाही, आणि तरी बघत राहिली. मला आणखी काय हवं होतं?

त्या शनिवारी मी पाचला उठलो आणि पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसलो. मालन म्हणाली, "पडसं होईल," आणि पांघरूण घेऊन झोपली. उजाडता उजाडता हौसाबाई आली. काखेत पाटी, पाटीवर ओलं फडकं. कुंपणापाशी थांबली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. इकडंतिकडं बघणारा माणूस मी एसटीच्या शेवटच्या बाकावरसुद्धा ओळखतो. तिनं कुंपणातून हात आत घातला. पाच-सात मिनिटं तिचा हात रुईत होता. काय करतेय ते झुडपाआड दिसत नव्हतं, पण मला ते दिसायची गरज वाटली नाही. मग तिनं पाटी सारखी केली आणि टेकडीकडं निघाली.

मी हाक मारली नाही. मला ती मालासकट हवी होती.

साडेसातला देवळात पोचलो. देवस्थान समितीचे अध्यक्ष निकम सर घंटेखाली उभे होते. पायऱ्यांवर रांग होती. मी हौसाबाईसमोर उकिडवा बसलो आणि एकेक माळ हातात घेऊन बघू लागलो. सगळी पानं अखंड. एकाला ओरखडा नाही. मी जरा खट्टू झालो. मग पाटीच्या कडेला फडक्याखाली काही पानं वेगळी ठेवलेली दिसली. फडकं उचललं. सात-आठ पानं, आणि त्यांना गोल भोकं.

माझ्या छातीत धडधड झाली, आनंदानं. खिशातून चिमटा काढून भोकाला लावून बघितला. भोक थोडं मोठं होतं. पान वाढलं की भोकही वाढणारच, असं मी माझं मलाच सांगितलं.

"ही पानं कसली?" मी विचारलं.

"किडकी हायेत सायेब. देवाला चालत न्हाईत. अखंड पान लागतंय माळंला."

"चालत नाहीत, मग इथवर आणली कशाला?"

तिनं फडकं पुन्हा पानांवर ओढलं. माझ्या मागं दोघं-तिघं थांबले होते. मी आवाज खाली आणला, नेहमीच्या पद्धतीनं. "हौसाबाई, आज पहाटे तुम्ही आमच्या कुंपणापाशी होता. आमची रुई बोडकी कशी झाली, मला सगळं ठाऊक आहे. आता तुम्हीच सांगा."

तिनं पदर तोंडाला लावला. डोळे भरले. "माझ्यामुळंच झाली सायेब," ती म्हणाली. "म्या मुद्दाम न्हाई केलं. एवढं हुईल असं वाटलं न्हवतं. बाईंस्नी सांगू नका. पुन्यांदा न्हाई तुमच्या झाडाला हात लावायची."

झालं. याच्यापुढं काही विचारायचं मला कारण राहिलं नाही. मी उठलो, निकम सरांना बाजूला घेतलं आणि कानात सांगितलं, "बाई पानं चोरते. आत्ताच कबूल झाली." निकम सरांनी कपाळावर आठी आणली. पुजाऱ्याशी बोलले, मग पायऱ्या उतरून तिच्यासमोर आले. "देवाच्या दारात असलं काम चालायचं नाही, बाई. उद्यापासून दुसरी जागा बघा. उद्या कशाला, आत्ताच उठा."

ती उठली. वाद घातला नाही, विनवणीही केली नाही. पोतं झटकून घडी केलं, माळा पाटीत भरल्या. तेवढ्यात रांगेत कुजबुज फिरली होती. लोक तिच्याकडं बघत होते आणि ती खाली मान घालून उतरत होती.

घरी येऊन मी मालनला सगळं सांगितलं. चहा हातात तसाच राहिला तिच्या.

"कबूल झाली?"

"स्वतःच्या तोंडानं."

"मला नव्हतं वाटलं," ती म्हणाली. "पण कबूल झाली म्हणता, तर..." आणि आत गेली. मला वाटलं होतं, ती म्हणेल, बरं झालं.

त्यानंतर रुई अशी भरली की विचारू नका. पान न् पान शाबूत. भाद्रपद गेला, नवरात्र झालं, मी रोज सकाळी झाडासमोर छाती काढून उभा राहायचो. "बघ," म्हणायचो. "चोरी थांबली की नाही?"

मालन बघायची, पण तिचा चेहरा काही खुलायचा नाही. एकदा म्हणाली, "कुणी खातच नाही हो."

"काय?"

"फुलपाखरू दिसलं का तुम्हाला या पंधरवड्यात?"

मी आठवून बघितलं. लूनाच्या आरशाखालचा कोष केव्हाच रिकामा झाला होता. नवा आलाच नव्हता.

दिवाळीच्या आधी मालननं रुईची वाळकी फांदी काढायला मला कात्री दिली. मी झुडपात डोकं घातलं, आणि माझ्या नाकासमोर एक पान होतं. मोठं, गुळगुळीत, मधोमध गोल भोक. खिशातला चिमटा लावून बघितला. नेमका बसला.

शेजारी दुसरं. त्याच्या खाली तिसरं. मी मोजत गेलो. नऊ पानं मी पंच केली होती आणि नऊच्या नऊ झाडावर होती. कबुली मिळाल्यावर ही पानं शोधून बघायचं मला सुचलंच नव्हतं.

आत, दाटीत, आणखी काहीतरी होतं. रुईच्या फांदीला दुसऱ्याच रुईचं एक वाळलेलं पान बांधलेलं. केळीच्या सोपटानं, माळेला मारतात तशी गाठ मारून. तसंच वर एक. पलीकडं दोन. मी एक सोडवून मालनच्या हातावर ठेवलं. पानाला गोल भोकं होती, आणि मागच्या बाजूला अळीची टाकलेली कात चिकटून होती.

मालन पायरीवर बसली. बराच वेळ ते पान उलटंपालटं करून बघत होती.

"ती पानं नेत नव्हती," ती म्हणाली. "आणून बांधत होती. ओढ्यावर तोडलेल्या पानावर अळी सापडली की इथं आणून सोडायची. मीच सांगितलं होतं तिला, इथलं पान कुणी तोडत नाही म्हणून." मग माझ्याकडं बघितलं. "अळ्यांना शनिवार कळत होता हो. तिच्या पाटीतून यायच्या त्या. शनिवारी यायच्या आणि दोन-तीन दिवसांत झाड फस्त करून कोष करायला निघून जायच्या."

"मग ती कबूल का झाली?"

"तुम्ही काय विचारलंत तिला? शब्दाला शब्द सांगा."

मी सांगितलं. बोडकी कशी झाली, मला सगळं ठाऊक आहे, तुम्हीच सांगा. सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं. चोरी हा शब्द मी तिच्यासमोर उच्चारलाच नव्हता. ती अळ्या सोडल्याची कबुली देत होती.

मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्याच संध्याकाळी निकम सरांकडं गेलो, ती वाळकी पानं त्यांच्या टीपॉयवर ठेवली. ते पहिल्यांदा हसले, मग एक पान उलटून बघितलं, मग म्हणाले, "तिची जागा तिला. मी सगळ्यांना सांगतो. पण काटकर, तुम्ही जाऊन आणायची तिला."

ती हायवेच्या फाट्यावर बसायला लागली होती, शनीच्या देवळाबाहेर. तिथं ना पायरी ना सावली. ट्रकची धूळ, आणि पोत्यावर मांडलेल्या सहा माळा. मला बघितल्याबरोबर ती अर्धी उठली.

"सायेब, म्या न्हाई आले पुन्हा तुमच्याकडं. शप्पत."

"बसा, बसा. निकम सरांशी बोललो मी. तुमची पायरी तुम्हाला परत. आत्ताच चला."

तिला पटेना. "खरं सांगताय?"

"खरं. आणि अळ्या आणायच्या. पाहिजे तेवढ्या. आमची मालन वाट बघतेय."

मग ती हसली. पुढचा एक दात नव्हता, ते मला तेव्हाच कळलं. तिनं माळा गोळा करायला घेतल्या आणि बोलायला लागली. "बाईंनी सांगितलं व्हतं न्हवं, अळ्यांसाठी ठेवलंय झाड. म्हून आणत गेले. देवाचं पान तोडायचं आन् त्यावरचा जीव चिरडायचा, ते काय मन घेत न्हाई. पर मेल्या खात्यात किती. तुमचं झाड पार उघडं पडलं. तवा म्हटलं, सायेब चिडणारच. त्या शनिवारी देवळातसुदिक काही किडकी पानं उरली व्हती, ती दुपारी नेऊन बांधणार व्हते. तेवढ्यात तुमी आला. तुमचं बी बरोबर व्हतं. दुसऱ्याच्या झाडावर न विचारता किडं सोडायचं म्हंजे काय?"

पाटी भरली. पोत्याची घडी झाली. सव्वाअकराची बस यायला दहा मिनिटं होती. मी तेवढी दहा मिनिटं तोंड मिटून उभा राहायला हवं होतं.

पण मला राहवलं नाही. माझ्या छातीवरचं ओझं मला उतरवायचं होतं. "हौसाबाई," मी म्हणालो, "तुमची काही चूक नाही. चूक माझी. अळ्यांचं मला माहीतच नव्हतं. मला वाटलं, तुम्ही पानं चोरता."

तिचा हात पाटीच्या काठावर थांबला.

"चोरता?"

"हो. मला माफ करा."

"निकम सरास्नी काय सांगितलंत?"

"तेच."

"आन् पायरीवरची माणसं माझ्याकडं बघत व्हती, ती...?"

मी मान खाली घातली. मला काय ठाऊक आहे, हे तिनं विचारलंही नव्हतं, आणि मी सगळं सांगून बसलो होतो.

तिनं पाटी खाली ठेवली. पोतं पुन्हा पसरलं, कोपरे नीट ओढून. एकेक माळ काढून मांडली. बस आली, थांबली, दोन माणसं चढली, गेली.

"चला ना," मी म्हणालो. "पुढची बाराला आहे. निकम सर सगळ्यांना सांगणार आहेत."

"न्हाई सायेब." आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. "किडं सोडल्याबद्दल उठवलं असतं तर आले असते. दोन महिनं मला तसंच वाटत व्हतं, म्हून इथं बसायला बी काही वाटलं न्हाई. सासूनं हाताला धरून बसवलं व्हतं मला त्या पायरीवर. चोर म्हून उठले तिथनं. आता निकम सर घरोघर जाऊन सांगणार हायेत व्हय?"

मी आणखी काय काय बोललो ते आठवत नाही. मालनला घेऊन येतो म्हणालो, पुजाऱ्याला घेऊन येतो म्हणालो. ती पानं चाळत राहिली. एका गिऱ्हाइकाला माळ दिली. मग एक पान हातात घेऊन तिनं ते उलटं केलं. मागं अळी होती, काळीपांढरी, पिवळ्या ठिपक्यांची, बोटाच्या पेराएवढी.

तिनं पान माझ्याकडं धरलं.

"ही तेवढी घेऊन जावा. हिनं कुणाचं काय घोडं मारलंय?"

बाराच्या बसला गर्दी होती. मी एका हातानं दांडा धरला, दुसऱ्या हातात पान. कंडक्टर पोरगेलासा होता. तिकीट देताना त्याची नजर पानावर गेली.

"मारुतीला का, आजोबा?" तो म्हणाला. "पण भोक पडलंय की याला."

"हो," मी म्हणालो. "अळीनं पाडलंय."